बूच तुटलं आणि तासगावचे काका भेटले

मी मूळचा पिंपळगाव बसवंतचा, म्हणजे द्राक्षं जन्मापासून बघितलेली, पण वाइन पहिल्यांदा चाखली ती हॉटेल मॅनेजमेंटला गेल्यावर. नाशिकला एका वायनरीत टेस्टिंग रूमला दोन वर्षं काढली, कोर्स केला आणि नशिबाने इटलीत पिएमोंते भागात, आल्बा गावात एका रेस्टॉरंटमध्ये वाइनचं काम मिळालं. ही गोष्ट तिथल्या नोव्हेंबरची. नोव्हेंबर म्हणजे पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या एका बुरशीचा सीझन, गावात जत्रा, आणि आमच्याकडे टेबल मिळणं मुश्किल. अंड्याच्या बलकातल्या बारीक शेवया करतात, तायारिन म्हणतात त्याला, त्यावर ट्रफल किसून घालायचं, वजनावर बिल. वास म्हणाल तर पहिल्या दिवशी मला वाटलं होतं गॅस लीक झालाय.

तर त्या रात्री सात नंबरच्या टेबलावर एक फॅमिली. तिशीतला मुलगा, त्याची बायको, आणि मुलाचे आईवडील. मुलगा झ्युरिकला नोकरीला. काकांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि कोटाखाली पांढरा शर्ट. मी इंग्लिशमध्ये गुड इव्हनिंग म्हणतोय तेवढ्यात काकू काकांना म्हणल्या, "अहो, हितं वरणभात मिळंल का?" मी हसलोच. मग काय, गाव कुठलं, तुमचं कुठलं. ते तासगावचे, चार एकर बाग, निम्मा माल बेदाण्याला. मी नाशिककडचा म्हणल्यावर काका म्हणाले, "मग तू आमचा शत्रूच की लेका."

मुलाने म्हणजे दादाने ऑर्डर केली सोरी तिलदिन नावाची रेड वाइन, 2004 ची. गाया या वाइन करणाऱ्या घराण्याची. (स्पेलिंग बघून मी वर्षभर गाजा गाजा म्हणायचो, शेवटी आमच्या रेस्टॉरंटच्या मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर सुधारलं. आता त्या गाया घराण्यातल्या मोठ्या मुलीचं नावच गाया, म्हणजे आडनावासकट गाया गाया. असो.) त्या बाटलीच्या किमतीत आमच्याकडे चांगली सेकंड हँड स्प्लेंडर आली असती, आणि मी अशी बाटली एकट्याने कधी उघडली नव्हती, मालकीणबाई दुसऱ्या टेबलावर अडकलेल्या.

बाटली आणली, दाखवली, आणि दादाचा चेहरा बदलला. लिस्टमध्ये बार्बारेस्कोच्या, म्हणजे जवळच्या गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनच्या पानावर आहे आणि लेबलवर तर लांगे लिहिलंय, ही डुप्लिकेट आहे का, असं त्याने सरळ विचारलं. शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. माझ्या पोटात गोळा, पण सुदैवाने हे मला माहिती होतं. बार्बारेस्को नाव लावायचं तर वाइन शंभर टक्के नेब्बिओलो द्राक्षाची पाहिजे असा कायदा. आंजेलो गायांनी 1996 च्या वाइनपासून या बागांच्या वाइनमध्ये थोडंसं बार्बेरा द्राक्ष घालायचं ठरवलं, जुने लोक घालायचे तसं, आंबटपणासाठी, आणि मग ते मोठं नाव सोडून देऊन लांगे हे खालच्या पायरीचं नाव लावलं. 2013 च्या वाइनपासून पोरांच्या पिढीने परत निव्वळ नेब्बिओलो आणि परत बार्बारेस्को. म्हणजे 2004 च्या लेबलवर लांगे असणारच.

दादा फोनवर चेक करत बसला. काका मात्र एकदम सरसावून बसले, "म्हंजे बापानं स्वतःहून नाव सोडलं आन् पोरांनी परत लावलं? आन् माल त्याच रानातला?" हो म्हणलं, त्याच रानातला.

मग उघडायला घेतली आणि तिथे माती खाल्ली. गायांचं बूच नेहमीपेक्षा लांब असतं, हे मी वाचलेलं, पण हातात माझा रोजचा छोटा स्क्रू. ओढलं, अर्धं बाहेर, अर्धं आत. कपाळावर घाम. दोन पात्यांचा ओपनर आणून, बाटलीच्या गळ्यात कडेने सरकवत, हळूहळू पिळत ते उरलेलं काढलं, पाच मिनिटं तरी गेली असतील. तेवढा वेळ काकू काकांना हळूच सांगत होत्या की पोराचा हात कापंल.

डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत ओतल्यावर काका म्हणाले, "पाणी घातलंय व्हय रं ह्यात? रंग न्हाई." बरोबरच आहे, नेब्बिओलो दिसायला फिकी, वीस वर्षांनी कडेला विटकरी झाक येते. पण तोंडात घेतली की तुरटपणा असा की कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं. काका काही घेणार नव्हते, माळकरी माणूस. ग्लास नाकाशी धरला, बराच वेळ, आणि एवढंच म्हणाले, "वाळल्या गुलाबाचा वास येतोय, आन् मातीचा." मी कोर्सला फी भरून हेच दोन शब्द शिकलो होतो.

मग त्यांचे प्रश्न सुरू. एकरी किती टन? मी म्हणलं कायद्याने हेक्टरी आठच टन, म्हणजे एकरी सव्वातीन. काका दादाकडे बघून म्हणाले, "आपण दहा काढतो आन् बँक दारात." सोरी म्हणजे काय? दक्षिणेकडं तोंड असलेला, उन्हाचा उतार. आणि तिलदिन? आंजेलोंची आजी क्लोतिल्दे रे, तिचं लाडकं नाव. 1859 पासूनचं घराणं, पण नातू सांगतो की कामाचं वळण आजीने लावलं. आधी करा, मग नीट करायला शिका, मग दुसऱ्याकडून करून घ्यायला शिका, आणि मग लोकांना कळू द्या, असं काहीसं तिचं म्हणणं. रान 1967 ला घेतलं, आणि 1970 पासून त्या एका तुकड्याची वाइन वेगळी बाटलीत भरायला लागले.

"आमच्यात पण आक्काचा मळा हाय," काका म्हणाले. "त्याचा बेदाणा वेगळाच. पण सौद्याला गेला की समद्यांचा एकच ढीग." मला सिंगल व्हिनयार्ड, म्हणजे एकाच रानाची वेगळी वाइन, ही भानगड गिऱ्हाइकाला समजवायला रोज दहा मिनिटं लागतात, नकाशे काढावे लागतात.

दार्माजीचा किस्सा मी मुद्दाम सांगितला. 1978 ला आंजेलोंनी घराजवळच्या चांगल्या नेब्बिओलोच्या जागी फ्रेंच काबर्ने लावलं, तर वडील येताजाता म्हणायचे दार्माजी, म्हणजे अरेरे काय हे. मुलाने वाइनचंच नाव दार्माजी ठेवलं. काकू जोरात हसल्या. दादा आणि काका दोघंही हसले नाहीत, मग मी गप ट्रफल किसायला घेतलं. घरातली काहीतरी दुखती जागा असणार, आपल्याला काय माहिती.

दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी दुपारची होती, सकाळी त्यांच्याच गाडीतून बार्बारेस्कोला गेलो. आल्बापासून अगदी जवळ, छोटंसं गाव, एक उंच बुरूज, खाली तानारो नदी. रोंकाल्येत्ते नावाचा भाग आहे, सोरी तिलदिन त्यातच, आम्ही रस्त्यावरूनच बघितलं. पानं पिवळी होऊन निम्मी गळलेली. काका कडेला बसले, मातीचं ढेकूळ बोटांनी फोडलं. पांढरट, चुनखडीची. "असल्या जमिनीत आमची पानं पिवळी पडत्यात, आमी डॉगरीज जातीच्या खुंटावर कलम करतो," म्हणाले, आणि एका काडीवरचे डोळे मोजायला लागले. इथे छाटणी वर्षातून एकदाच हे त्यांना काही केल्या पटेना.

तेवढ्यात तासगावहून गड्याचा फोन आला. रात्री पाऊस झालेला. काका त्या टेकडीवर उभे राहून पाचेक मिनिटं ओरडत होते, डावणी रोग येईल, आजच फवारणी घे, ट्रॅक्टर बंद असला तर पाठीवरच्या पंपाने घे, आणि आक्काच्या मळ्यापासनं सुरू कर. कुठलासा इटालियन म्हातारा सायकलवरून चाललेला, तो थांबून ऐकत उभा राहिला.