मुंगीचा परतीचा हिशेब

ओट्यावर साखरेचे चार दाणे सांडले की मुंग्यांची रांग लागायला वेळ लागत नाही. आपण ओलं फडकं फिरवतो, रांग विस्कटते, आणि चहा संपायच्या आत ती पुन्हा तिथंच हजर. यात फडक्याचा दोष नाही. फडक्यानं वासाचा माग पुसला जातो. पाठ झालेली वाट नाही. युरोपात बागांमधून सर्रास दिसणाऱ्या लॅसियस नायगर या काळ्या मुंगीला दुफाट्यावर सोडून पाहिलं आहे. एका फाट्याला साखरेचा पाक, दुसऱ्याला काही नाही. एकदा जाऊन आलेली मुंगी पुढच्या खेपेला बहुधा बरोबर वळते. वासाचा माग मुद्दाम चुकीच्या फाट्यावर घातला, तरी सरावलेली मुंगी आपल्या आठवणीवरच जास्त विसंबते. माग खरा उपयोगी पडतो तो नवख्यांना. म्हणून आधी साखर उचलावी, मग साबणाच्या पाण्यानं पुसावं आणि भिंतीतली फट बुजवावी. साखर तशीच ठेवून नुसतं पुसणं म्हणजे जुन्याजाणत्यांना पुन्हा माग आखायचं निमंत्रण.

रांगेच्या कौतुकात एकटी मुंगी मात्र दुर्लक्षित राहते. आणि खरी कमाल तिचीच. ट्युनिशियातल्या मिठाच्या सपाट मैदानांवर कॅटाग्लिफिस फोर्टिस ही लांब पायांची, जेमतेम सेंटिमीटरभर मुंगी भर दुपारी एकटीच बाहेर पडते. उन्हानं मेलेले किडे हे तिचं अन्न, आणि ते कुठंही पडलेले असतात. तिथं रांग लावून उपयोग नाही. ती शंभर मीटरच्याही पलीकडे नागमोडी भटकते, पण किडा तोंडात आला की थेट बिळाकडे सरळ रेषेत धावत सुटते. आल्या वाटेनं ती परत जातच नाही. उधारीच्या वहीत सगळ्या नोंदी खोडून फक्त बाकी ठेवावी, तशी ती प्रत्येक वळणानंतर एकच गोष्ट जवळ बाळगते: घर कोणत्या दिशेला आणि किती लांब.

दिशा आकाशातून मिळते. ट्युनिशियातच कैरुआनला राहणाऱ्या फेलिक्स सान्त्शी या स्विस डॉक्टरनं 1911 मध्ये घरी निघालेल्या मुंगीपासून सूर्य आडोशानं झाकला आणि आरशानं तो उलट्या बाजूनं दाखवला. मुंगी मागे फिरली. सूर्य दिसत नसला तरी निळ्या आकाशाचा एखादा तुकडा पुरतो, कारण आकाशातला प्रकाश ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी ठराविक दिशेतच कंप पावतात, आणि तिच्या डोळ्याच्या वरच्या कडेला ती दिशा ओळखणाऱ्या खास पेशी असतात.

अंतराचं उत्तर 2006 साली मिळालं, आणि तेही काहीशा वात्रट वाटणाऱ्या प्रयोगातून. बिळापासून 10 मीटरवर, सरळ पन्हळीच्या टोकाला खाऊ ठेवला. खाऊपर्यंत पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय आखूड केले. मग शेजारच्या समांतर पन्हळीतून त्यांना घरी सोडलं. साध्या मुंग्या 10 मीटरच्या आसपास थांबून बीळ शोधू लागल्या. लांब पायांच्या मुंग्या 15 मीटरपर्यंत गेल्या, आखूड पायांच्या 6 मीटरच्या आतच घुटमळल्या. पावलं तितकीच, पाऊल वेगळं! त्याच मुंग्या नंतर त्याच पायांनी बिळातून निघाल्या, तेव्हा परतीचा अंदाज पुन्हा बरोबर आला, कारण जातानाची आणि येतानाची पावलं आता सारखीच होती.

हा हिशेब चुकतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. खाऊपाशी मुंगी उचलून भलतीकडे ठेवली, तर ती तितकंच अंतर त्याच दिशेला इमानानं धावते आणि बीळ नसलेल्या जागी बीळ शोधते. शोधतेही शिस्तीत: एक वेटोळं, परत मूळ जागी, मग आणखी मोठं वेटोळं. बिळाच्या तोंडाशी पोचलेली मुंगी उचलली, तर तिच्याकडे बाकी शून्य. ती ठेवल्या जागीच वेटोळी घालू लागते. शिवाय पावलागणिक थोडी थोडी चूक साचत जाते. जितकी लांब फेरी, तितका नेम ढळलेला.

म्हणून खुणा लागतात, आणि त्या शिकाव्या लागतात. बाहेरच्या कामावर जाण्याआधी नवखी मुंगी दोन-तीन दिवस बिळाभोवतीच छोट्या फेऱ्या मारते. चार पावलं चालते, गिरकी घेते, क्षणभर थांबून मागे बघते. जमिनीलगतच्या तिच्या डोळ्यांना तिथून बिळाचं तोंड दिसतही नाही, तरी नजर नेमकी तिकडेच. ग्रीसमधल्या कॅटाग्लिफिस नोडस मुंग्यांच्या बिळाभोवती तारांच्या वेटोळ्यांनी चुंबकक्षेत्र फिरवलं, तेव्हा त्यांची ही मागे वळलेली नजरही फिरली. 2018 सालची ही गोष्ट. म्हणजे आकाश वाचायला शिकण्याआधी तिच्यापाशी होकायंत्र असतं.

पण मिठाच्या मैदानावर खूण म्हणून पाहायला आहे काय? झुडूप नाही, दगड नाही. अशा जागी मुंग्या बिळाच्या तोंडावर 40 सेंटिमीटरपर्यंत उंच ढिगारे रचतात. संशोधकांनी हे ढिगारे काढून टाकले. काही बिळांजवळ काळी नळकांडी उभी केली, काहींजवळ काहीच नाही. जिथं काही नव्हतं तिथं मुंग्या लगेच नव्यानं ढिगारा रचायला लागल्या. नळकांडी मिळाली होती तिथं बऱ्याच जणींनी त्या खटाटोपात पडायचं टाळलं.