कागदावरचे पन्नास किलो

खांद्यावर वजनाचा बार घेऊन बैठका, म्हणजे स्क्वॉट, मारत होते. चौथ्या रेपला, म्हणजे चौथ्या बैठकीला, खाली बसले ती वर आलेच नाही. मांड्या पेटल्या नव्हत्या, धापही लागली नव्हती. नुसतं वर येणं बंद. बार रॅकच्या आडव्या दांड्यांवर टेकवला आणि खालून चक्क रांगत बाहेर आले. बारसकट ४० किलो. ट्रेनरच्या चार्टप्रमाणे मला तेवढं आठ वेळा जमायला हवं होतं.

मी कोथरूडची, वय ४४, बारा वर्षं पळतेय. पहाटे वेताळ टेकडी, महिन्यातून एकदा आतकरवाडीतून सिंहगड, चार-पाच हाफ मॅरेथॉन. वजनांना मात्र कधी हात लावला नव्हता. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "पळणं सोडू नका, पण मांड्यांत ताकद आणा." म्हणून घराजवळची जिम लावली. सोबतीला नणंदेचा मुलगा, वय २६, लहानपणापासून पेठेतल्या तालमीत घुमलेला. कुस्ती सुटली, बैठका सुटल्या नाहीत, आणि आता चार वर्षं जड स्क्वॉट मारतो.

पहिल्या दिवशी ट्रेनरने ३० किलोचा बार खांद्यावर दिला आणि म्हणाला, "मॅडम, जमतील तेवढे मारा." मी २० मारले. त्याने मोबाइलवर गणित केलं. रेप्सना ३० ने भागायचं, त्यात १ मिळवायचा, आलेल्या आकड्याने वजनाला गुणायचं. बॉइड एप्ली या अमेरिकन कोचचं हे सूत्र १९८५ पासून चालत आलंय. उत्तर आलं ५० किलो, म्हणजे एकदाच जेमतेम उचलता येईल असं वजन. त्याचे ८० टक्के ४०, आणि तेवढ्यावर आठ रेप्स जमायला हव्यात, तेव्हा आठ-आठ रेप्सचे सेट, म्हणजे फेऱ्या. भाच्याचंही तसंच: ७० किलोवर १२ रेप्स, उत्तर ९८. तो १०० उचलतोच, त्यामुळे त्याचं गणित चोख बसलं आणि माझं रॅकवर आपटलं.

रांगण्याच्या प्रसंगानंतर ट्रेनरचं निदान होतं, "मॅडम, मनातली भीती आहे." त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. पुढच्या आठवड्यात नीट वॉर्मअप करून, भाच्याला मागे उभं करून, थोडं थोडं वजन वाढवत गेलो. ४२.५ किलो आलं. ४५ जागचं हललं नाही. म्हणजे पहिल्या दिवशीचे ३० किलो हे माझ्या खऱ्या ताकदीच्या ७० टक्के, आणि चार्टमधले ४० किलो हे तब्बल ९४ टक्के! भीती कसली डोंबलाची.

फिजिओ बाईंकडे आकडे घेऊन गेले तर त्या हसायलाच लागल्या. सूत्र दहाच्या आतल्या रेप्सना बरं चालतं, त्यावर गेलं की घसरतं, आणि पळणाऱ्यांच्या बाबतीत फारच. वर्षानुवर्षं पळून स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट झालेलं असतं, पेशींतली ऑक्सिजन वापरून ऊर्जा करणारी केंद्रं वाढलेली असतात. मध्यम वजनावर असा स्नायू रेटत राहतो. पण एकाच झटक्यात सगळे तंतू, विशेषतः जोरकस आणि लवकर थकणारे, कामाला जुंपणं ही वेगळी विद्या आहे. माझ्या मेंदूने ती कधी शिकलीच नव्हती. "तुमची टाकी मोठी आहे, इंजिन लहान आहे," असं काहीसं त्या म्हणाल्या. मला इतकं पटलं नाही, पण मुद्दा कळला.

मग आम्ही मामी-भाच्यांनी वाण्याच्या बिलामागे हिशोब ठेवायला सुरुवात केली. दोघांनी आपापल्या ७० टक्क्यांवर, १२ चे तीन सेट, मध्ये दीड मिनिट विश्रांती. माझे १२, १२, १२. त्याचे १२, ९, ७. सातव्याला त्याचा उजवा गुडघा शिलाई मशीनसारखा थडथडत होता आणि कपाळावरची शीर टरारली होती. "मामी, तुम्ही दमत कशा नाही हो?" दमत होते, पण दीड मिनिटात सावरत होते. जोराच्या कामाला लागणारं स्नायूंतलं झटपट इंधन, क्रिएटिन फॉस्फेट, सेटनंतर ऑक्सिजनच्या जिवावरच पुन्हा भरतं, आणि ते भरायची सोय माझ्याकडे जास्त. शिवाय भरदार स्नायू जोरात आवळला की आतल्या रक्तवाहिन्याच दाबल्या जातात. त्याला तीन मिनिटं दिली तर १२, ११, १० आले. अर्थात त्याचे ७० किलो आणि माझे ३०, शिवाय सारख्या टक्केवारीवर बायका बऱ्याचदा जास्त टिकतात, तेव्हा सगळं श्रेय टेकडीला देता येणार नाही.

चार्ट बदलून घ्यायला मात्र दोन आठवडे भांडावं लागलं. शेवटी ठरलं: जड वजन, तीन ते पाच रेप्स, मध्ये तीन मिनिटं. ते तीन मिनिटं नुसतं बसणं मला सगळ्यात जड गेलं. पळणाऱ्याला थांबणं म्हणजे कामचुकारपणा वाटतो. शेवटी मी घरून विणकाम न्यायला लागले, मग जिममधल्या पोरांनी माझ्याकडे बघायचं सोडलं.

दहा आठवड्यांनी ५२.५ आलं. मांड्या काही डोळ्यांत भरण्याइतक्या वाढल्या नाहीत. सुरुवातीची वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते म्हणे. गंमत म्हणजे नव्या वजनाच्या ७० टक्क्यांवर आता १६ रेप्सला मी संपते, पूर्वीसारखी २० ला नाही. गुडघा सिंहगड उतरताना बोलत नाही, एवढं मला पुरे.

भाच्यालाही परवा सिंहगडावर नेलं. निम्म्या वाटेत गडी ताकवालीच्या टोपलीशेजारी बसला तो उठेना. मी वर जाऊन पिठलं-भाकरी सांगितली आणि तो येईपर्यंत माझी खाऊन झाली होती. आता रविवारी टेकडीवर येतो म्हणालाय. फक्त तालमीत कोणाला सांगायचं नाही, ही अट.