उडवलवे, श्रीलंका

पहाटेच जीपने राष्ट्रीय उद्यानात शिरलो. हत्ती दिसतील का, हा प्रश्नच इथे पडत नाही! एक कळप तर जीपशेजारीच पायाने गवत खरवडून, सोंडेने माती झटकून खात होता. पिल्लू आईच्या पोटाखालून बाहेर यायला तयार नाही. सुळेवाला मात्र एकही नाही दिसला. इथल्या नरांनाही सुळे क्वचितच असतात.

वलवे नदीवर धरण झालं, त्यात हक्काची जागा गेलेल्या प्राण्यांसाठी १९७२ मध्ये हे उद्यान केलं. बुडालेल्या झाडांचे वाळके सांगाडे अजून पाण्यात उभे आहेत, त्यांवर पंख पसरून बसलेले पाणकावळे. काठाला चित्रबलाक, झोळीवाले (पेलिकन). खरं सांगू? मला हत्तींपेक्षा हेच जास्त आवडलं. नवऱ्याच्या कॅमेऱ्यात मात्र फक्त हत्ती, तेही बरेचसे पाठमोरे.