कसर

नाताळाच्या आधी घर आवरताना आजीचं बायबल कपाटातून खाली काढलं, तर आतून एक रुपेरी किडा सुळकन निसटला आणि फळीच्या फटीत गेला. कसर. निर्गमच्या पंधरा-वीस पानांच्या कडा तिने नक्षी काढावी तशा कुरतडून ठेवल्या होत्या. आधी हसूच आलं. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे तिला कसर लागते, असं ज्या पुस्तकात लिहिलंय त्यालाही कसरीने सोडलं नव्हतं. मग जरा ओशाळलो. आजी २०१६च्या ऑगस्टमध्ये गेली, आणि त्यानंतर हे पुस्तक कुणी उघडलंच नव्हतं. आम्ही आता मोबाईलवर वाचतो. तिथे कसर लागत नाही, पण फारसं वाचूनही होत नाही.

लहानपणी रविवारच्या शाळेत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं हे वचन पाठ केलं, तेव्हा माझा मोठा घोटाळा झाला होता. घरात कसर हा शब्द दोनच ठिकाणी यायचा. कपाळाला हात लावून आजी म्हणायची, "अंगात कसर आहे, आज शाळेत नको." आणि महिनाअखेरीला म्हणायची, "जरा काटकसर करा रे." तेव्हा स्वर्गात कसर नाही याचा अर्थ मी असा लावला, की तिथे ताप येत नाही आणि तूप मोजून वाढत नाहीत. फारसं चुकलं होतं असं आजही वाटत नाही.

येशूने नावं घेतली आहेत ती तीन शत्रूंची: कसर, जंग आणि चोर. त्याच्या काळी उंची वस्त्रं ही पुंजीच असे. आपल्याकडे शालू, पैठणी ट्रंकेत जपतात तशी. त्यामुळे कपड्याला कसर लागणं म्हणजे निव्वळ नुकसान. याकोबाच्या पत्रातही श्रीमंतांना हेच ऐकवलंय, की तुमच्या वस्त्रांना कसर लागली आहे. जंगाच्या जागी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा नुसता अर्थ 'खाणं' असा आहे. सगळं खाल्लं जातं, कोण खातं ते महत्त्वाचं नाही. आणि चोर 'घर फोडून' आत येतात, त्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ खणून आत शिरणं. मातीच्या भिंती, चोरांना कुलपाची भीती नाही. मराठी भाषांतरकाराला इथे डोकं खाजवावं लागलं नसणार. घरफोडी हा शब्द आपल्याकडे तयारच होता.

आजीकडे तिन्ही शत्रूंवर तोड होती. साड्यांत डांबरगोळ्या, ट्रंकेच्या कडीला खोबरेल तेल, आणि चोरासाठी बायबल. चोर काहीही उघडेल, बायबल उघडणार नाही, हा तिचा ठाम सिद्धांत. म्हणून ते आमच्या घरचं लॉकर. पहिल्या कोऱ्या पानावर सगळ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू, चार निरनिराळ्या शायांत. आत विजेच्या बिलांच्या पावत्या, चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी, जाळी पडलेलं पिंपळपान, आणि माझ्या मुदतठेवीची एक पावती, जी मी दोन वर्षं बँकेत भांडून दुसरी काढून घेतली होती.

आणि सात नोटा. पाचशेच्या, जुन्या, आताच्या पाचशेपेक्षा लांबरुंद. रबर वाळून त्यांना चिकटलेलं, वर कागदाची पट्टी, तीवर तिच्या शाळामास्तरणीच्या वळणदार अक्षरात एकच शब्द: देवाचे.

नोटा मत्तयच्या सहाव्या अध्यायात सापडल्या असत्या तर गोष्ट छान जमली असती. सापडल्या गणनाच्या पुस्तकात. मला वाटलं, हे पुस्तक कुणी वाचत नाही म्हणून तिने सुरक्षित जागा निवडली. दोन दिवसांनी पान नीट पाहिलं. अठरावा अध्याय, लेव्यांना, म्हणजे देवाच्या सेवेकऱ्यांना, द्यायच्या दशांशाचा. म्हणजे पेन्शनमधला दशांश ती बाजूला काढत होती. चर्चमधल्या हंगामाच्या सणाला एकदम द्यायचा असणार, ती तसंच करायची. सणाच्या आधी ती गेली, आणि नोव्हेंबरच्या ८ तारखेला, मंगळवारी रात्री आठ वाजता, दूरदर्शनवरून घोषणा झाली. कसर नाही, जंग नाही, चोर नाही. हा चौथा प्रकार मत्तयच्या यादीत नव्हता.

आमच्यात बायबलमधल्या ओळीला वचन म्हणतात. "वचन पाठ झालं का?" हा प्रश्न ऐकतच आम्ही वाढलो. नोटेवरही वचन असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. धारकाला पाचशे रुपये अदा करण्याचं, खाली गव्हर्नरांची सही. ३० डिसेंबरपर्यंत बँकेत भरल्या असत्या तर वचन पाळलं गेलं असतं. नंतर २०१७मध्ये कायदाच झाला. या नोटांची देणेदारी संपली, आणि दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं गुन्हा. आजीच्या सातच. देवाचे पैसे कायद्यात बसले, एवढंच समाधान.

बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आजी असती तर म्हणाली असती, देवाचं देवाला लगेच द्यावं, आपल्या ट्रंकेत कशाला?" मला नाही वाटत. आजी असती तर तिने आधी मला विचारलं असतं, डिसेंबरपर्यंत तुला बायबल उघडायला काय झालं होतं?

स्वर्गातल्या संपत्तीवर ती कधी प्रवचन देत नसे. नगरकडच्या आमच्या लोकांत तो विषय निघाला की कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव निघतंच. १९१७मध्ये त्यांनी मिशनचं काम आणि पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पाळकसाहेब हे भरल्या गळ्याने सांगत, आणि आजी पदराआडून हळूच म्हणे, "आणि लक्ष्मीबाईंनी पीठ कुठून आणलं ते सांगा." टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे हे त्यांच्या पत्नीने, स्वतः लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, आणि तेही हसत. आजीचं म्हणणं असं, की टिळकांनी वर साठवलं आणि लक्ष्मीबाईंनी डब्यात, दोघं होती म्हणून घर चाललं. मला हे प्रवचनापेक्षा पटतं. पण सोयीचं आहे म्हणूनही पटत असेल. मी डब्यातला अर्धा भाग तेवढा उचलला आहे.

नोटा परत गणनात ठेवल्या, पट्टीसकट. पानांत कडुलिंबाचा पाला घातला. मुदतठेवीची रद्द पावतीही तिथेच राहू दिली, फेकवेना.

पुढच्या रविवारी दानार्पणाचं गीत सुरू झालं आणि लांब दांड्याची मखमली थैली रांगेतून येऊ लागली. थैली मखमलीची असते ती एवढ्यासाठीच, की आत काय पडलं ते दिसू नये आणि वाजूही नये. उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू नये, हेही त्याच सहाव्या अध्यायात आहे. माझ्या खिशात दोन नोटा होत्या. मी गाणं म्हणत होतो, नजर समोर होती. डाव्या हाताचं ठाऊक नाही, पण उजव्याला न बघता बरोबर कळत होतं, कुठली आखूड आणि कुठली लांब.

आखूड गेली. पन्नासची.