तुम्ही विचारलंत म्हणून: खान्देशातून समुद्रकेंद्रावर हंगामी कामाला जाताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची प्राणिशास्त्राची मुलं आणि बचतगटातल्या ताया एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. आपल्याकडे समुद्र नाही. मग कोकणातल्या सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासकेंद्रावर शिबिरांच्या हंगामात स्वयंपाकाचं किंवा शिकवण्याचं काम आपल्याला जमेल का, आणि तिथं नेमकं करावं काय लागतं?

जमतं. फक्त एक गोष्ट आधी अंगवळणी पडायला हवी: तिथला दिवस घड्याळावर चालत नाही, ओहोटीवर चालतो. हे वर्गातल्या माणसाला लवकर कळतं, स्वयंपाकघरातल्या माणसाला कुणी सांगत नाही, आणि निम्मे घोळ तिथेच होतात.

कोळ्यांचा जुना हिशेब पाठ करून जा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती, आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून पक्की वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायची. पण आठवड्याचा अंदाज बांधायला तिथी पुरते. खडकांवरचे जीव बघायचे तर उधाणाची ओहोटी लागते, कारण तेव्हाच पाणी खूप खाली जातं. ती पौर्णिमा-अमावास्येनंतर एकदोन दिवसांनी सगळ्यात चांगली मिळते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी फार उतरत नाही तेव्हा, शिबिर ठेवलं तर मुलांना ओल्या खडकांपलीकडे फारसं काही दिसत नाही.

आता याचा स्वयंपाकाशी संबंध बघा. द्वितीयेला साडेसातची ओहोटी म्हणजे गट सव्वासहाला पाण्याजवळ हवा. पाचला चहा, बरोबर केळी, आणि खरी न्याहारी परत आल्यावर साडेनऊला. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. पंचमीला ती साडेनऊच्या पुढे जाते, मग न्याहारी आधी आणि जेवण उशिरा. म्हणून आठवड्याचा बेत ‘सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा’ असा लिहायचा नाही. तक्ता समोर ठेवून, कुठल्या दिवशी पोट भरून जायचं आणि कुठल्या दिवशी हलकं, ते आधी ठरवायचं.

इथे आपली बट्टी फार कामाला येते. चाळीस जणांसाठी चार किलो गहू आणि एक किलो मका जाडसर दळून घ्या. त्यात ओवा, हळद घाला. मीठ कमी पडेल की जास्त याचा अंदाज करत बसू नका. पिठाच्या किलोला १५ ग्रॅम धरा. तेलाचं मोहन अर्धा लिटरच्या थोडं वर. घट्ट मळून लांबट वळकट्या करा आणि रात्रीच वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. गार झाल्याशिवाय कापू नका. गरम कापली तर भुगा होतो आणि तळताना तेल पिते. वळकट्या हवाबंद डब्यात ठेवल्या तर घाम सुटून चिकट होतात, म्हणून कापडाखाली. थंडीत रात्रभर बाहेर चालतं, फेब्रुवारीनंतर मात्र फ्रिज हवाच. गट खडकांवरून निघाल्याचा फोन आला की कापायच्या आणि तळायच्या, वरण तयार असतंच.

बाकीची मापं: माणशी तांदूळ ८० ते १०० ग्रॅम, तूरडाळ ४० ते ५०, कणीक १२०, भाजी १५०. किनाऱ्यावर दोन तास घालवलेल्या दिवशी यात चौथाई वाढवा. खारं वारं भूक वाढवतं, हे मुलांच्या ताटात दिसतं.

खान्देशी हाताला तिथं छळते ती हवा. आपल्याकडे बिबड्या, पापड, काळा मसाला वर्षभर टिकतो. कोकणात दमटपणामुळे बिबड्या आठवड्यात मऊ पडतात आणि मसाल्यातलं सुकं खोबरं खवट होतं. मसाला हंगामाचा एकदम नेऊ नका, दोन-दोन किलोचा नेऊन घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, ओला चमचा घालू देऊ नका. ज्वारीचं पीठही आठ-दहा दिवसांपुरतंच दळायचं. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडेला तडकते. मग कितीही गरम पाणी घातलं तरी उपयोग नाही. पाण्याचंही तसंच. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्यात डाळ शिजत नाही. पिण्याचं आणि डाळीचं गोडं पाणी वेगळं भरून ठेवा, आणि मीठ डाळ शिजल्यावरच घाला. शेगडीच्या जेटमध्ये खारा थर बसतो. ज्योत पिवळी दिसायला लागली, भांडी काळी व्हायला लागली की समजा; गॅस बंद करून, शेगडी गार झाल्यावर बारीक तारेनं जेट साफ करायचा, हे दर आठवड्याचं काम.

मासे करता येत नाहीत म्हणून मागे राहू नका, ते शिकता येतं. पण बांगड्याबद्दल हयगय नको. बांगडा, टूना यांसारखे मासे उन्हात तासन्‌तास पडले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवून, तळून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं असा त्रास होतो. खरेदीला जातानाच बर्फाची पेटी न्यायची, माशाच्या वजनाइतका बर्फ, आणि त्याच दिवशी शिजवायचं.

आणि एक नियम असा की त्यावर चर्चाच नको: प्रयोगशाळेतलं काहीही स्वयंपाकघरात येणार नाही. नमुन्यांची बाटली ‘थोडा वेळ’ फ्रिजमध्ये ठेवू द्या असं कुणी म्हटलं, अगदी मोठ्या सरांनी म्हटलं, तरी नाही म्हणायचं. नमुने टिकवायला वापरतात ते फॉर्मेलिन कर्करोगकारक आहे. बादल्या, गाळण्या, सुऱ्या दोन्हीकडच्या वेगळ्या रंगाच्या ठेवल्या की वादच उरत नाही.

शिकवायला जाणाऱ्यांसाठी आता. पदवी प्राणिशास्त्राची असली तर बरं, पण शिबिरात खरी परीक्षा खडकांवर होते. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, पायात बंद बूट. चपला नकोतच, खडकाला चिकटलेल्या बार्नेकल नावाच्या कवचवाल्या जीवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. पाण्याजवळ ओहोटीच्या तासभर आधी पोहोचायचं आणि पाणी फिरलं की निघायचं. भरती सहा तासांत सारखी चढत नाही: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. चढ तीन मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाणी २५ सेंटिमीटर वाढतं, तिसऱ्यात ७५. पहिला तास बघून निर्धास्त झालेला गट तिसऱ्या तासात अडकतो, कारण पाणी बऱ्याचदा पाठीमागच्या खोलगट भागातून आधी भरतं आणि परतीची वाट बुडते.

धडा साधाच ठेवा. पीव्हीसी पाइपची ५० सेंटिमीटर बाजूची चौकट आणि दर मीटरला गाठ मारलेली वीस मीटरची दोरी. किनाऱ्याकडून पाण्याकडे दोरी ताणायची, दर दोन मीटरवर चौकट ठेवून आत काय काय आहे ते मोजायचं. वर बार्नेकल, मग कालवं, खाली शेवाळ आणि खेकडे असे पट्टे मुलांच्या स्वतःच्या आकड्यांतून उमटतात. कोण किती वेळ उन्हात तग धरतं याचा तो नकाशा असतो, आणि तो मुलांनी काढलेला असतो म्हणून डोक्यात राहतो. दगड उलटला तर तसाच हलक्या हातानं परत ठेवायचा. खालचे जीव उन्हात काही मिनिटांत वाळतात. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलायचा नाही, त्यातली गोगलगाय विषारी दंश करते. खडकांवर गालिच्यासारखे पसरलेले झोअँथिड (प्रवाळांच्या नात्यातले मऊ जीव) हातानं खरवडायचे नाहीत. समुद्री काकडी, समुद्रघोडा, प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचं संरक्षण आहे, आठवण म्हणूनही काही आणायचं नाही. वाळूच्या उथळ पाण्यात पाय घासत चालायला शिकवा, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जाते. तिचा काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवायचा आणि त्याच वेळी दवाखान्याची गाडी बोलवायची. पाणी किती गरम ते शुद्धीवरच्या, न दुखावलेल्या माणसानं हात घालून बघायचं. म्हणूनच किनाऱ्यावर गट असेपर्यंत स्वयंपाकघरात एक पातेलं गरम पाणी चुलीवर हवंच, आणि ते कशासाठी आहे हे स्वयंपाक्यालाही माहीत हवं.

तयारी घरूनच होते. पोहणं जळगावच्या तलावातही शिकता येतं. पन्नास मीटर अंतर आणि पाच मिनिटं नुसतं तरंगणं जमलं पाहिजे. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र काढा. चौकट आणि दोरी घेऊन तापी किंवा गिरणेच्या काठावर शाळेच्या मुलांबरोबर सराव करा, पावसाळा संपून पाणी निवळल्यावर. स्वयंपाकवाल्यांनी वैद्यकीय तपासणीचा दाखला काढून ठेवावा.

हंगाम साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत असतो, त्यामुळे चौकशी ऑगस्ट-सप्टेंबरातच करा. मोठ्या सरकारी संस्थांच्या जागा जाहिरातीनं निघतात. शिबिरांचं काम महाविद्यालयं आणि निसर्गसंस्था देतात. होकार देण्याआधी लेखी विचारा: पगार महिन्यावर की शिबिरावर, शिबिर रद्द झालं तर काय, राहणं-जेवण पगारातून कापणार का, अपघात विमा कुणाचा, आणि पहाटे पाचला कामाला लागलेल्या माणसाला दुपारी झोपायला मिळणार का. भुसावळ-जळगावहून मंगला एक्स्प्रेस थेट रत्नागिरीला जाते. दिवाळीच्या गर्दीत जायचं असेल तर तिकीट आधी काढा.