टिपलाईनच्या दुसऱ्या दिवशी ब्रॅम्प्टनमध्ये

२०१५ च्या कॅनडाच्या निवडणुकीत मी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या एका उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात पगारी नोकरीला होते. मतदारसंघ टोरोंटोला लागून असलेल्या पील भागातला; ब्रॅम्प्टन आणि मिसिसागा ही त्यातलीच शहरं. दक्षिण आशियाई वस्त्यांमधला दारोदार प्रचार लावून देणं हे माझं काम. कुठल्या गल्लीत पंजाबी बोलणारं पोरगं पाठवायचं, कुठे गुजराती बोलणारी बाई, कुणी अंगणात पाटी लावू दिली, यादीतला कोण आपला, कोण कुंपणावरचा, कोण हातचा गेलेला, हे रोज रात्री बसून भरायचं. प्रचार चालला ७८ दिवस, त्यामुळे ऑक्टोबर उजाडेपर्यंत सगळ्यांचे पाय आणि आवाज दोन्ही गेले होते.

नोकरी पगारासाठी धरली नव्हती. मला तो पक्ष आपला वाटायचा. माझ्या ओळखीतले बहुतेक स्थलांतरित वृत्तीने सनातनीच आहेत: कर्ज वेळेवर फेडायचं, मुलांच्या अभ्यासावर नजर ठेवायची, म्हाताऱ्यांना घरात ठेवायचं, देवाधर्माला मानायचं, सरकारनं खिशात फार हात घालू नये. अशा माणसांचं मत उजव्या पक्षाला का मिळू नये, हा प्रश्न आमच्या पक्षाचे मंत्री जेसन केनी यांनी कॅनडात गांभीर्याने घेतला. वर्षानुवर्षं ते सुट्टीच्या दिवशी गुरुद्वारे, देवळं, मशिदी, चिनी संघटनांचे मेळावे फिरत राहिले. पण नुसत्या फिरण्यानं काही झालं नसतं. आमच्याच पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारनं २००६ मध्ये कायम वास्तव्याची फी ९७५ डॉलरवरून ४९० वर आणली. त्याच वर्षी चिनी स्थलांतरितांवर एके काळी लादलेल्या डोईपट्टीबद्दल संसदेत माफी मागितली. २०११ मध्ये ब्रॅम्प्टन आणि मिसिसागातल्या एकूण एक जागा पक्षाला मिळाल्या, त्यामागे हे काम होतं.

तरी तेव्हाही काही ठिकाणी हात आखडता घेतला गेला होताच. १९१४ मध्ये कॅनडानं परत पाठवलेल्या, बहुतेक शीख प्रवासी असलेल्या कोमागाटा मारू जहाजाबद्दल हार्पर यांनी २००८ मध्ये सरे शहरातल्या एका पार्कात माफी मागितली. शीख मंडळींना ती संसदेत हवी होती.

२ ऑक्टोबरला, शुक्रवारी, ख्रिस अलेक्झांडर आणि केली लिच या दोन मंत्र्यांनी जाहीर केलं की पुन्हा निवडून आलो तर ‘रानटी सांस्कृतिक प्रथां’ची खबर द्यायला आरसीएमपी या राष्ट्रीय पोलीस दलाची खास टिपलाईन, म्हणजे फोन नंबर, सुरू करू. त्याच नावाचा कायदा जूनमध्ये झाला होता. बळजबरीच्या लग्नाला शिक्षा, लग्नाचं किमान वय १६, या त्यातल्या तरतुदींना मी आजही हात वर करेन. पण मुलीवर जबरदस्ती होत असेल तर ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करायची सोय आधीपासून होतीच. या नव्या नंबरचं काम काय, हे मला कुणाला समजावून सांगता येईना. त्याआधी महिनाभर नागरिकत्वाच्या शपथविधीत चेहरा झाकणारा निकाब घालू द्यायचा का, यावरून रान पेटलेलं होतं, आमचं सरकार बंदीच्या बाजूनं, त्यात ही भर. कार्यालयातून आम्हाला सांगण्यात आलं, शीख आणि हिंदू घरांत स्पष्ट सांगा, हे तुमच्याबद्दल नाही.

शनिवारी सकाळी ते वाक्य घेऊन आम्ही निघालो.

एक घर मला आजही जसंच्या तसं दिसतं. दारात ट्रकची केबिन उभी, गॅरेज उघडं, आत भिंतीला टेकवून ठेवलेली आमच्याच उमेदवाराची पाटी. आदल्या संध्याकाळपर्यंत ती अंगणात होती. मुलगा ट्रकचालक, मत पक्कं आपलं, यादीत तशी खूण. पण दारात आले त्याचे वडील, पांढरी दाढी, निळी पगडी. मी “सत श्री अकाल, अंकलजी” म्हटलं आणि पाटी का काढली विचारलं. त्यांनी आधी पाणी आणायला सांगितलं, मग पंजाबीमिश्रित हिंदीत म्हणाले, “बेटी, त्या नंबरवर फोन कोण करणार? पोलीस तर नाही करणार. शेजारीच करणार ना? माझ्या नातीचं लग्न उद्या आम्ही भटिंड्याच्या मुलाशी ठरवलं, तिच्या राजीखुशीनं ठरवलं, तर या गल्लीतल्या कुणाला ते कळणार आहे?”

मी वाक्य म्हटलं. हे तुमच्याबद्दल नाही. शिवाय स्वतःचा म्हणून एक मुद्दा जोडला: आरसीएमपीच्या शीख पोलिसाला पगडी घालायची परवानगी १९९० मध्ये मिळाली, ती मल्रोनींच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारनंच दिली.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “म्हणून तर आम्ही तुमच्याकडे आलो. पण त्या वेळी पगडीला विरोध करणारी रिफॉर्म पार्टीही आता तुमच्यातच आहे. कोणाचं चालतं तुमच्यात, ते मला या महिन्यात दिसलं. आज बुरखा. पगडीला किती वेळ लागतो?” हे बोलताना ते जरासुद्धा चिडले नव्हते. ग्लास परत घेताना त्यांनी मला विचारलं, उन्हात किती वेळ फिरणार आहेस.

दुपारी एका मराठी घरी गेले. पितृपक्ष होता, श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, ताईंनी दारातूनच “जेवूनच जा” म्हणून आत ओढलं. यजमान टिपलाईनवर खूश होते. “बरं झालं, त्या लोकांना कुणीतरी दाखवायलाच हवं होतं.” त्यांचं मत आम्हाला टिपलाईनशिवायही मिळणारच होतं. ताईंनी मात्र वाढता वाढता सासूबाईंच्या सुपर व्हिसाची, म्हणजे आई-वडिलांना लांब मुदतीसाठी पाहुणे म्हणून बोलवायच्या व्हिसाची, फाईल आणून माझ्यापुढे ठेवली. कायमचं बोलावून घ्यायचं तर सरकार वर्षाला फक्त ५,००० अर्ज घेणार, उत्पन्नाची अट वाढवलेली, म्हणून हा मार्ग. त्यासाठी एक लाख डॉलरचा आरोग्य विमा सक्तीचा, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईचा हप्ता किती येतो ते फाईलीतल्या पावत्यांवर दिसत होतं. “लिबरल लोक ५,००० चे १०,००० करू म्हणतायत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय करणार ते सांगा. बुरख्याचं मला नका सांगू.”

माझ्याकडच्या कागदात त्याचं उत्तर नव्हतं. मुलांच्या भत्त्याचे वाढीव चेक जुलैत घरोघरी आले होते, ते मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि फाईल उघडीच ठेवली.

संध्याकाळी कार्यालयात याद्या भरताना पक्क्या खुणा एकामागून एक खोडाव्या लागल्या. आमच्या वरच्या माणसाला मी दोन्ही घरांची हकीकत सांगितली आणि उमेदवारानं टिपलाईनविषयी जाहीरपणे नापसंती दाखवावी, असं सुचवलं. त्यावर उत्तर मिळालं, “तुमच्या लोकांना नीट समजावा.” मी तिथेच म्हटलं, त्यांना सगळं समजलंय, म्हणूनच पाट्या उतरतायत. एका अल्पसंख्य समाजाकडे बोट दाखवलं की बाकीचे समाज आपली पाळी कधी येते ते मोजू लागतात. वेगवेगळ्या वस्त्यांत वेगवेगळं बोलून हे मोजणं थांबत नाही, कारण टीव्ही सगळ्यांच्याच घरी आहे.

त्यातच दुहेरी नागरिकत्व असलेल्यांचं, दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यास, नागरिकत्व काढून घेण्याची तरतूद मे महिन्यापासून लागू झाली होती. गुन्हेगाराची कीव कुणालाच नव्हती. पण इथे जन्मलेला गुन्हेगार आणि माझ्यासारख्या बाहेरून आलेल्याच्या घरातला गुन्हेगार यांना दोन मापं का, हे लोक दारात उभं राहून मला विचारत. ‘कॅनेडियन म्हणजे कॅनेडियन म्हणजे कॅनेडियन’ हे लिबरल नेते ट्रूडो यांचं एक वाक्य त्या सगळ्या प्रश्नांना पुरून उरलं.

१९ ऑक्टोबरला ब्रॅम्प्टनच्या पाचही आणि मिसिसागाच्या सहाही जागा लिबरल पक्षाकडे गेल्या. अलेक्झांडर स्वतः हरले. लिच यांनी पुढच्या वर्षी त्या घोषणेबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

ही माणसं उजव्या विचारांपासून मात्र दूर गेली नव्हती, आणि मला हे कळकळीने सांगायचं आहे. २०२२ च्या ओंटारियो प्रांताच्या निवडणुकीत डग फोर्ड यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह या उजव्या पक्षानं ब्रॅम्प्टनच्या पाचही जागा घेतल्या. तेव्हा बोलणं चाललं होतं हायवे ४१३ या प्रस्तावित नव्या रस्त्याचं, रोजच्या ट्रॅफिकचं, घरखर्चाचं. कोण काय नेसतं, यावर त्या वेळी मत मागितलं गेलं नाही.

मी आता दुसऱ्या नोकरीत आहे, पण निवडणूक जवळ आली की कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवारांचे फोन येतात. दिवाळीच्या शुभेच्छांचा व्हिडिओ मराठीत करून द्याल का, गणपतीला कुणाकडे जावं, असं विचारतात. मी आनंदानं मदत करते. फक्त आधी आई-वडिलांच्या व्हिसाविषयी आणि नागरिकत्वाविषयी त्यांची भूमिका लेखी मागून घेते, आणि ज्या समाजाची मतं त्यांना मिळणार नाहीत असं ते धरून चाललेत, त्याच्या वस्तीत शेवटचं कधी गेला होतात, हेही विचारते.