भस्म्या झालाय का बे?

हुरड्याच्या दिवसांत सोलापूरच्या आसपास शेताशेतांत आगट्या पेटतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची, की कोवळे दाणे पुढ्यात. सोबत उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी. तिसऱ्यांदा हात पुढे करणाऱ्याला कुणीतरी हमखास विचारतं, ''भस्म्या झालाय का बे तुला?''

झालेला नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला जेवणाकडे बघवत नाही, हाच पुरावा. खऱ्या भस्म्यात तो दुसरा दिवस उजाडतच नाही. पोटभर जेवून हात धुतले की तासाभरात पुन्हा डबे उघडले जातात.

डॉक्टर याला पॉलिफेजिया म्हणतात. ग्रीक 'पॉली' म्हणजे पुष्कळ आणि 'फेजिन' म्हणजे खाणं. हायपरफेजिया हा त्याचाच जोडीदार. दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, तरी मधुमेहाच्या टिपणात बहुधा पहिला दिसतो आणि मेंदूतलं भुकेचं नियंत्रणच बिघडलेलं असेल तिथे दुसरा. उदाहरणार्थ प्रॅडर-विली हा १५ क्रमांकाच्या गुणसूत्रातल्या दोषामुळे होणारा विकार. त्यात मुलाला पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही, इतकी की घरच्यांना स्वयंपाकघराला कुलूप घालावं लागतं. शेतकी पुस्तकांत मात्र हाच शब्द भलत्या अर्थाने भेटतो. हरभऱ्यावरची घाटे अळी तूर, कापूस, टोमॅटो काहीही खाते, म्हणून ती पॉलिफेगस, आपल्या भाषेत बहुभक्षी कीड. तिथे 'पुष्कळ' म्हणजे पुष्कळ प्रकारचं. किती खाल्लं, हा प्रश्न तिथे नाही.

पॉलिफेजिया हे लक्षणाचं नाव आहे, रोगाचं नव्हे. अंगात ताप आहे म्हटल्यावर तो कशाचा, हे शोधावंच लागतं, तसंच इथे. मराठीत या भुकेसाठी शब्दांचा तोटा नाही, पण हावरा, अधाशी, खादाड, बकासुर या सगळ्या शिव्याच. 'भस्म्या'सुद्धा आपण शिवीसारखाच वापरतो. खरं तर तो आयुर्वेदातला भस्मक. अग्नी चार प्रकारचे, सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. त्यातला तीक्ष्ण हाताबाहेर गेला की खाल्लेल्याची राख होते आणि माणूस खाऊनही वाळतो. जास्त खाणं आणि उतरतं वजन, हे दोन्ही एका शब्दात आलं.

मधुमेहात हेच घडतं. आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही. रक्तात साखर भरपूर असते, पण ती पेशींत नेणारं इन्सुलिन नसतं किंवा पुरेसं चालत नाही. पेशी उपाशी राहतात आणि मेंदू 'अजून वाढा' म्हणत राहतो. रक्तातली साखर दर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही. दिवसाला १०० ग्रॅम साखर लघवीवाटे गेली, तर ४०० उष्मांक गेले, म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या जवळजवळ दोन भाकऱ्या. साखर आपल्यासोबत पाणीही ओढून नेते, म्हणून लघवी वाढते आणि तहानही. सोलापूरच्या मे महिन्यात ही तहान उन्हावर ढकलली जाते आणि तिथेच फसगत होते. उन्हाच्या तहानेत लघवी कमी आणि गडद होते, साखरेच्या तहानेत भरपूर आणि फिकट.

थायरॉइड जास्त काम करत असेल तरी भूक वाढून वजन उतरतं, सोबत छातीत धडधड आणि हाताला कंप. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक वाढते तेव्हा वजनही वाढतं.

साखर कमी झाल्यावरची भूक वेगळी. मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवण लांबलं की दरदरून घाम, थरथर आणि आत्ताच्या आत्ता काहीतरी खायची घाई. साखर मोजायच्या मीटरवर ७०च्या खाली आकडा दिसला तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात विरघळवून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. घरात अशा वेळी शेंगापोळी पुढे केली जाते. गूळ असतो ना तिच्यात! पण शेंगांतल्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पोळी नंतर, आधी साखरपाणी.

तपासणीतही अशीच फसगत होते. उपाशीपोटी साखर बघायची तर ८ तास काही खायचं नाही, आणि ज्याला तासाला भूक लागते त्याला नेमकं हेच जमत नाही. पहाटे गुपचूप दोन बिस्किटं खाल्ली जातात आणि आकडा चुकतो. खाल्लं असेल तर तसं सांगावं. एचबीएवनसीला, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या तपासणीला, उपास लागत नाही. ते ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेहाच्या बाजूने कौल जातो, आणि बहुधा दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात. थायरॉइडसाठीची टीएसएच तपासणी त्याच वेळी काढलेल्या रक्तावर होते.

डॉक्टरकडे जाताना ''भूक फार लागते'' एवढंच सांगून भागत नाही. तीन दिवस कागदावर लिहावं: किती वाजता काय खाल्लं, किती भाकऱ्या, पुन्हा भूक किती वेळाने लागली, रात्री लघवीला किती वेळा उठलं. आणि वजन. घरात काटा नसेल तर पँटचा पट्टा बघावा, दिवाळीपासून किती भोकं आत आलाय ते.